सोलापुरातला दुसरा चित्रकार

मी सोलापुरात ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो तेव्हा मुंबईच्या कलाशाळेची पदविका असलेला चित्रकार गावात मी एकटाच होतो, आणि ती माझ्या आयुष्यातली फार सुखाची वर्षं होती. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे होते, दुकानांच्या पाट्या लिहिणारे होते, गणपती घडवणारे होते. त्यांतल्या काहींच्या हाताची सफाई माझ्यापेक्षा जास्त होती. पण त्यांच्याशी माझी तुलना कोणी करत नसे, आणि तुलना होत नाही तोवर माणूस मोठ्या मनाचा असतो. मीही होतो.

हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तरला काय किंमत होती ते आजच्या कलाशिक्षकांना सांगून पटणार नाही. इंग्रजीच्या मास्तरांचा धडा मागे पडला की ते माझा तास मागून घ्यायचे, आणि 'मागून' हा शब्दही मी भिडेखातर वापरतोय. शाळेत नाटक असलं, पाहुणे यायचे असले, गॅदरिंग असलं की मात्र सगळ्यांना माझी आठवण व्हायची. एरवी माझं काम म्हणजे सरकारी ग्रेड परीक्षांना मुलं बसवणं. मडकं, लाकडी ठोकळा आणि शंकू टेबलावर मांडायचे आणि मुलांकडून त्यांच्या सावल्या काढून घ्यायच्या. फळ्यावर एकसारखी दोन पानं खडूनं एका दमात काढून दाखवली की मुलं गप्प बसत. माझा सगळा दरारा त्या दोन पानांवर उभा होता.

शाळेबाहेरचं काम म्हणजे मेलेल्या माणसांची तैलचित्रं. जिवंत माणूस स्वतःचं चित्र काढून घ्यायला लाजायचा. तो गेला की मुलं यायची. बरोबर एखादा डाग पडलेला फोटो असायचा. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या आखायच्या आणि एकेका चौकटीतला माणूस इकडून तिकडं नेऊन ठेवायचा. यात कला थोडी आणि हमाली जास्त. एकदा एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "वडलांना कोट घाला." फोटोत वडील उघडेबंब, खांद्यावर नुसतं उपरणं. मी म्हणालो, "ते कोट घालत होते का?" ते म्हणाले, "जन्मात घातला न्हाई. पण आता नातू मामलेदार झालाय की." मी कोट घातला. अंगावर कधी कोट न चढलेल्या माणसाचे खांदे कोटात कसे दिसतील याचा विचार करत मी आठवडाभर बसलो होतो, आणि ते खांदे मला चांगले साधले होते. पण ते कोणाच्या लक्षात येणार?

ते ज्याच्या लक्षात आलं तो नरसय्या गड्डम.

गड्डम हा सोलापुरातल्याच एका तेलुगू विणकर कुटुंबातला. घरात हातमाग, बाप आणि भाऊ लुगडी विणायचे. हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून माझ्याच कलाशाळेत शिकून आला होता, माझ्या मागून काही वर्षांनी, आणि गावातल्या दुसऱ्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला होता. उंच, काळासावळा, मोठ्यानं हसणारा. धोतराला रंगाचे डाग. कुठल्याही कार्यक्रमाला उशिरा यायचा आणि आला की सगळे त्याच्यासाठी जागा करायचे.

पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला, "मंद्रूपकर मास्तर, त्या मामलेदाराच्या आज्याचे खांदे बघितले मी. कोट उसना आणलाय हे दिसतंय की त्यात." इतकी वर्षं वाट पाहिलेली दाद होती ती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते एवढंच, की याला दिसलं म्हणजे याला येतही असणार.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या तळ्यावर जलरंगात चित्रं काढायला बसू लागलो. सोलापूरच्या उन्हात जलरंग म्हणजे शर्यत असते. कागदाच्या एका टोकाला रंगाचा हात फिरवायला सुरुवात करावी तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं आणि मध्ये डाग पडतो. मी त्यावर उपाय काढला होता. कागदाखाली ओलं फडकं ठेवायचं, सावलीत बसायचं आणि देवळाची पायरी न् पायरी नीट काढायची. गड्डम उघड्यावर, उन्हातच बसायचा. अर्धा कागद कोराच सोडायचा. पडलेल्या डागाला तो पुसत नसे. त्या डागाचीच एखादी सावली करून टाकायचा. माझं चित्र पुरं व्हायच्या आत त्याचं संपलेलं असायचं आणि तो धुणं धुणाऱ्या बायकांशी तेलुगूत गप्पा मारत बसायचा.

एकदा त्यानं तळ्याचं असं एक चित्र आमच्या घरी आणून दिलं. माझ्या पत्नीनं, यमुनेनं, ते मधल्या खोलीत लावलं. मी जेवायला बसायचो त्याच्या अगदी समोर. मी तिला विचारलं, "तुला त्यात काय आवडलं?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ऊन आहे त्यात."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात देऊळ आहे."

ती हे सहज बोलली. तिला वाटलं, दोन्ही गोष्टी चांगल्याच. मी पुढं कित्येक महिने त्या उन्हासमोर बसून जेवत होतो आणि जेवताना त्यातल्या चुका शोधत होतो. एक होती. घाटाचा एक कठडा पाण्याकडं उतरताना नको तिकडं वळला होता. कलाशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ती चूक दिसली असती. ज्या दिवशी मला ती सापडली त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

मग मल्लप्पाशेठचं प्रकरण आलं.

मंगळवार पेठेत मल्लप्पाशेठ यांची धान्याची आडत होती. ते वारले तेव्हा घरच्यांनी त्यांच्या नावानं एक वाचनालय बांधायचं ठरवलं. दिवाणखान्यासारखी मोठी खोली, समोरच्या भिंतीवर शेठजींचं मोठं तैलचित्र. उद्घाटनाला सगळं गाव लोटणार. ज्याचं चित्र त्या भिंतीवर चढेल तो सोलापूरचा चित्रकार, हे कोणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती. मी ते मनाशी धरून बसलो होतो. गड्डम येण्याआधी हे काम माझ्याकडंच आलं असतं, यात मला काडीची शंका नव्हती.

अडचण एकच होती. मल्लप्पाशेठचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी त्यांची समजूत होती, आणि लग्नकार्यात फोटोवाला आला की ते उठून गोठ्याकडं जात. ज्या माणसाचा फोटोच नाही त्याचं चित्र काढणं म्हणजे माझ्यासारख्या चौकटी आखून काढणाऱ्याच्या हातातली काठीच काढून घेणं.

त्यांचे धाकटे भाऊ बसप्पा आता आडत चालवत. ते मला म्हणाले, "मास्तर, मी हाय की. आमच्या दोघांचा तोंडवळा एकच. मला बघून काढा." म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत मापं घेतली. कान शेठजींच्या मुलाचे घेतले, कारण सगळे म्हणाले की कान बापाचेच. राहिलं ते विचारायला मी शेठजींच्या विधवा पत्नीकडं गेलो. नीलव्वा. सगळं घर त्यांना अव्वाच म्हणायचं. त्या माजघराच्या दाराआड बसल्या आणि मी बाहेर वही घेऊन.

"अव्वा, शेठजींचं नाक कसं होतं?"

"नाकासारखं नाक," त्या म्हणाल्या.

"सरळ, की थोडं बसकं?"

"तसं कोण बघतंय मास्तर? नवऱ्याच्या नाकाकडं बघत बसायला येळ कुटं असतोय?"

"डोळे?"

"मिरचीचा माल आला की लाल व्हायचे. लई खाज सुटायची मालकांना."

यातून चित्रकारानं काय उचलायचं? मी वही मिटली आणि बसप्पांच्या तोंडवळ्यावर भरवसा ठेवून चित्र पुरं केलं. ते वाईट झालं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. शेठजी खुर्चीत बसलेले, डोक्याला केशरी पटका, कपाळावर विभूती, हात गुडघ्यांवर. त्या हातांवर मी फार मेहनत घेतली होती. धान्याच्या धुळीनं नखांच्या कडा पांढुरक्या होतात, ते मी आडतीतल्या लोकांचे हात बघून काढलं होतं.

ठरल्या सकाळी चित्र चादरीत गुंडाळून मी आडतीच्या दाराशी टांग्यातून उतरलो, तर समोरून गड्डम चालत येत होता. त्याच्याही डोक्यावर चादरीत गुंडाळलेली चौकट. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

"तुम्हालापण सांगितलंय का?" तो म्हणाला आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही.

बसप्पा बाहेर आले. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. "दोन स्थळं बघून मगच पोरगी द्यायची असती मास्तर," ते म्हणाले. "या, आत या दोघंबी."

आतल्या सोप्यात दोन चौरंगांवर दोन चौकटी उभ्या केल्या. बसप्पा तक्क्याला टेकून बसले. शेठजींचा मुलगा, मुनीम आणि आडतीतले दोन-चार हमाल भिंतीकडं उभे राहिले. अव्वा दारात आल्या.

वयाचा मान म्हणून माझी चादर आधी काढली. बसप्पांचा चेहरा खुलला. "झकास," ते म्हणाले. "अगदी तेच." मुनीमांनीही मान डोलावली. मी अव्वांकडं पाहिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "चांगलं निघालंय. भावजी हायती की ह्ये."

कोणीतरी हसू दाबलं. बसप्पांनी पुन्हा चित्राकडं बघितलं, आणि आपण आपल्यालाच ओळखलं होतं हे या वेळी त्यांच्याही ध्यानात आलं.

मग गड्डमनं आपली चादर ओढली.

त्याच्या चित्रात खुर्ची नव्हती. जोंधळ्याच्या राशीपाशी एक माणूस मांडी घालून बसला होता. उजव्या तळहातावर मूठभर दाणे होते आणि मान खाली घालून तो ते दाणे पारखत होता. पटक्याच्या सावलीत चेहरा जवळजवळ बुडालेला. कपाळाची कड, नाकाचा शेंडा आणि मिशीचं टोक एवढ्यालाच उजेड. चेहरा म्हणून बघायला गेलं तर फारसा दाखवलेलाच नव्हता.

मी चूक शोधू लागलो. डावा हात खांद्यापासून थोडा आखूड होता. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. अव्वांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि त्या दारातून एक पाऊल मागं सरून, खाली बघत उभ्या राहिल्या होत्या. नवरा सोप्यात बसलेला असताना त्या घरातली बाई जशी उभी राहील तशा. मग बसप्पा तक्क्यावरून उठून उभे राहिले. आपण का उठलो हे त्यांनाही बहुधा कळलं नसावं.

नंतर गड्डमला मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. तो कुणालाच नाक-डोळे विचारत बसला नव्हता. चार-पाच दिवस आडतीत हमालांबरोबर भाकरी खात बसला आणि शेठजी रागावले की काय करायचे, भाव ठरवताना कसे बसायचे, एवढंच विचारलं. अव्वांनी त्याला सांगितलं होतं, "मालक बोलताना कुणाच्या तोंडाकडं बघायचे न्हाईत. दाण्याकडंच बघायचे. मला बघायला आले तवाबी मान वर केली न्हाई." मलाही त्या हे सांगू शकल्या असत्या. मी नाक विचारलं म्हणून त्यांनी नाक सांगितलं.

वाचनालयात अर्थातच त्याचं चित्र लागलं. माझं बसप्पांनी स्वतःच्या घरात लावलं, स्वतःचं म्हणून. पुढं जो येईल तो म्हणायचा, काय हुबेहूब काढलंय तुम्हाला. माझ्या सगळ्या कामांत लोकांनी सर्वांत जास्त वाखाणलेलं तैलचित्र तेच.

त्या दिवशी आडतीतून बाहेर पडताना गड्डम माझ्या बरोबरीनं चालत होता. म्हणाला, "मास्तर, तुमच्या चित्रातले हात मला नसते जमले. नखांच्या कडा काय काढल्यात." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. खोटं बोलला असता तर मला त्याचा राग करता आला असता. मनापासून म्हणाला, म्हणून त्याचं काय करावं ते कळेना. मी टांगा केला आणि त्याला बसा म्हटलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी सविस्तर सांगत नाही, कारण ती एकसारखीच गेली. मोठी कामं त्याच्याकडं, छोटी माझ्याकडं. पुण्याच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. माझं चित्र दाराजवळ लागलं होतं. माझा एक हुशार विद्यार्थी ग्रेड परीक्षा झाल्यावर त्याच्या घरी शिकायला जाऊ लागला आणि रस्त्यात मी दिसलो की हातातली चित्रं लपवू लागला. गावात मी गड्डमला कधी नावं ठेवली नाहीत. ठेवून कोणी ऐकलं नसतं. पण त्यानं काढलेलं प्रत्येक चित्र मी जाऊन पाहिलं. कुठं लागलंय कळलं की शाळा सुटल्यावर वाकडी वाट करून जायचो. लोक 'वा' म्हणून पुढं सरकायचे, मी तिथंच उभा राहायचो. आधी चूक शोधायचो. मग चूक सापडूनही चित्र का पडत नाही ते शोधायचो. हे दुसरं शोधणं फार वाईट. त्याला अंत नसतो आणि घरी गेल्यावर जेवण जात नाही. यमुना एकदा म्हणाली, "एवढा त्रास होतो तर बघायला जाता कशाला?" बायकोच्या माहेरच्यांबद्दल कुरकुर करणारा माणूस तरी सणाला तिथंच का जातो?

शेवटी दक्षिणेतल्या एका संस्थानाच्या चित्रशाळेत गड्डमला मोठी जागा मिळाली. बातमी कळली त्या दिवशी मी शाळेत फळ्यावर पानं काढताना गुणगुणत होतो, असं मुलांनी मला नंतर सांगितलं.

त्याला निरोप द्यायला स्टेशनवर बरीच गर्दी होती. त्याची भावंडं, शाळेतले मास्तर, नाटकवाले, आडतीवरचे हमालही. गळ्यात हार, अंगावर घरच्या मागावर विणलेलं नवं उपरणं. मी जरा बाजूला उभा होतो. सगळ्यांचे निरोप घेऊन झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि हात धरून मला सामानाच्या ढिगापलीकडं घेऊन गेला.

"मास्तर, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तिकडं माझं कसं होणार, मला समजत नाही."

"का? पगार चांगला आहे, हाताखाली माणसं आहेत."

"तसं नव्हे." तो गळ्यातला हार काढून हातात घेत म्हणाला, "इथं चित्र झालं की मी तुमची वाट बघायचो. लोक सगळ्यालाच चांगलं म्हणतात की. तुम्ही यायचा, काही बोलायचा नाही, उभे राहायचा. मी कोपऱ्यातनं तुमच्या तोंडाकडं बघायचो. तुम्ही लवकर गेलात तर समजायचं, चित्र साधारण झालंय. तुमचं तोंड उतरलं की मग मी घरी जाऊन नीट जेवायचो."

इतकी वर्षं मी समजत होतो की माझं हे दुखणं माझ्या एकट्याच्या घरातलं आहे.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "चेष्टा नाही करत. अव्वानं पदर ओढला तेव्हासुद्धा मी आधी तुमच्याकडं बघितलं होतं."

"काय दिसलं?"

"दिसलं ते दिसलं की." तो हसला, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. "मास्तर, आता तिकडं असं कोण बघणार माझ्या चित्राकडं?"

गाडीची घंटा झाली. माझ्या ओठांवर एक प्रश्न आला होता. माझं एखादं चित्र पाहून त्याचं तोंड कधी उतरलं होतं का, एकदा तरी? विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही. त्याला गाडीत बसवलं, त्याची वळकटी आत सारली, आणि तो खिडकीतून तेलुगूत भावांना काहीतरी सांगत असताना गाडी हलली.

त्यानंतर सोलापुरातली मोठी कामं पुन्हा माझ्याकडं आली. मी बरा चित्रकार होतो, पुढं आणखी बरा झालो. मला म्हातारपणी का होईना, पण थोडंफार ऊन काढता येऊ लागलं, हे यमुनेनंही कबूल केलं. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्या चित्रांचं प्रदर्शन माझ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेनं भरवलं. मी दोन्ही दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत होतो. गावातले सगळे ड्रॉइंग मास्तर आले, नव्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. सगळ्यांनी चित्रं पाहिली, सगळे वा म्हणाले, माझ्या पाया पडले आणि हसतमुखानं चहाकडं गेले.